सिरियल कॉन्सोल: पडदा काळा झाला तरी मशीन बोलतं राहावं म्हणून

मानोऱ्यासारख्या गावात लिनक्सचा जाणकार हाकेच्या अंतरावर असेलच असं नाही. कॉलेजच्या लॅबमधला फाइल सर्व्हर किंवा दुकानातल्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं मशीन रात्रीतून अडकलं, तर वाशिमहून, कारंज्याहून, कधी थेट अकोल्याहून कुणाला तरी बोलवावं लागतं. तो येईपर्यंत इथलं कुणीतरी बटण दाबून मशीन बंद करतं आणि पुन्हा चालू करतं. मशीन निमूटपणे सुरू होतं. मग जाणकार येतो आणि विचारतो, ‘पडद्यावर काय आलं होतं?’ त्याचं उत्तर कुणाकडेच नसतं. तो चहा घेऊन, जाण्यायेण्याचा खर्च घेऊन परत जातो, आणि चार दिवसांनी मशीन पुन्हा अडकतं. हा फेरा मोडायचा एक जुना, स्वस्त आणि अतिशय भरवशाचा उपाय आहे. मशीनच्या सिरियल पोर्टाला त्याचा सिस्टीम कॉन्सोल करायचं, आणि त्या पोर्टाची वायर शेजारच्या दुसऱ्या मशीनला जोडून ठेवायची. हे काम एका दुपारचं आहे आणि कॉम्प्युटरवर थोडा हात बसलेल्या कुणालाही जमण्यासारखं आहे.

कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आपलं म्हणणं जिथे थेट लिहितो ती जागा म्हणजे सिस्टीम कॉन्सोल. नेहमीच्या मशीनवर ती जागा म्हणजे मॉनिटर. बूट होताना झरझर वर सरकणाऱ्या ओळी, डिस्क वाचता न आल्याची तक्रार, कर्नल पॅनिक झाल्यावरचा शेवटचा मजकूर, सगळं तिथे उमटतं. यातलं बरंचसं लॉग फाइलमध्येही जातं. पण लॉग लिहायला डिस्क धड असावी लागते. डिस्कच गेली तर नेमक्या कामाच्या ओळी कुठेच उरत नाहीत. एसएसएच किंवा एनीडेस्क यांना तर आख्खी ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्क कार्ड, राउटर आणि बाहेरचं इंटरनेट एवढं सगळं उभं असावं लागतं. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत माणसांचा पूर लोटतो तेव्हा मोबाइल नेटवर्कवर किती ताण येतो, हे या भागातल्या कुणाला सांगायला नको. त्याच नेटवर्कच्या जिवावर दूरचं मशीन सांभाळणाऱ्याने त्या दिवसांत काय करावं?

सिरियल पोर्टाला यातलं काहीच लागत नाही. कर्नल एका ठरलेल्या पत्त्यावर एकेक अक्षर टाकतो आणि यूएआरटी नावाची चिप ते बिटाबिटाने तारेवर सोडते. या तारेचं आरएस-२३२ हे प्रमाण अमेरिकेत १९६० साली ठरलं. एवढं जुनं असूनही राउटर, मॅनेज्ड स्विच आणि डेटा सेंटरातले सर्व्हर यांच्या आतल्या दुरुस्तीचा शेवटचा दरवाजा आजही हाच आहे. ॲमेझॉनने आपल्या क्लाउडवरच्या मशीनसाठी २०२१ साली सिरियल कॉन्सोलची सोय सुरू केली, तीही याच कारणाने: नेटवर्कची सेटिंग चुकली की दुसरीकडून आत शिरायला वाटच नसते.

आपल्या गावात तर सिरियल पोर्ट कधी मेलाच नाही. धरमकाट्यावर जा. सोयाबीनची ट्रॉली काट्यावर चढते, इंडिकेटरवर आकडा स्थिरावतो आणि तोच आकडा कॉम्प्युटरमध्ये जाऊन पावतीवर छापला जातो. इंडिकेटरपासून कॉम्प्युटरपर्यंत जाणारी ती करडी किंवा काळी वायर बहुतेक ठिकाणी आरएस-२३२चीच असते. म्हणजे लागणारी केबल, अडॅप्टर आणि नऊ पिनांचे कनेक्टर विकणारा, जोडणारा माणूस बाजारपेठेच्या गावात सापडतोच. काट्याची दुरुस्ती करणाऱ्याला विचारा. तो चांगला गुरू ठरेल.

पण काट्याच्या कॉम्प्युटरवरच लिनक्स असेल, तर एक गोष्ट आधी पक्की करा. ज्या पोर्टाला इंडिकेटर जोडला आहे त्याला चुकूनही कॉन्सोल करू नका. पुष्कळ इंडिकेटर वजनाचे आकडे सतत पाठवत राहतात. पोर्ट कॉन्सोल झाला की ते आकडे कळा दाबल्यासारखे आत येतात. बूट होताना ग्रबच्या, म्हणजे कर्नल निवडून सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या, यादीसमोर एखादी कळ दाबली गेली की उलटी मोजणी थांबते आणि ग्रब माणसाची वाट पाहत बसतो. इथे कळ दाबणारा इंडिकेटरच असतो. वीज जाऊन आली की मशीन पुढे सरकतच नाही. कसंबसं सरकलंच तर लॉगिनची ओळ त्या वजनांना युजरनेम समजून दर क्षणाला पासवर्ड मागत राहते. अशा मशीनला दुसरा पोर्ट हवा. पहिला कॉमवन, पत्ता ३एफ८, इंटरप्ट ४. दुसरा कॉमटू, पत्ता २एफ८, इंटरप्ट ३. लिनक्समध्ये पहिल्याचं नाव टीटीवायएस०, दुसऱ्याचं टीटीवायएस१. काटा पहिल्यावर असेल तर कॉन्सोल दुसऱ्यावर घ्या आणि पुढे टीटीवायएस० आणि --युनिट=० यांतल्या शून्याच्या जागी एक वाचा; बाकीची शून्यं तशीच ठेवा.

आता मशीन उघडून बघू. जुन्या डेस्कटॉपला मागे नऊ पिनांचा निळसर किंवा हिरवट पोर्ट असतो. नव्या मदरबोर्डवर तो मागे दिसत नाही, पण पाटीवर पाच-पाचच्या दोन ओळी आणि त्यात एक पिन गायब अशी जागा बऱ्याचदा असते. शेजारी ‘कॉम१’ किंवा ‘जेकॉम१’ असं छापलेलं असतं. तिथून मागे पोर्ट काढायची पट्टी मिळते. पट्ट्यांमध्ये तारांची मांडणी दोन प्रकारची असते, आणि दोन्ही पट्ट्या दिसायला अगदी सारख्या. चुकीची लावली तर काही जळत नाही, पण काही चालतही नाही. ओळखायची युक्ती पुढे येते आहे. बायोसमध्ये जाऊन सिरियल पोर्ट चालू आहे ना हेही पाहा. ‘सिरियल पोर्ट कॉन्फिगरेशन’ किंवा ‘सुपर आयओ’ अशा नावाखाली ते सापडतं.

ज्या मशीनचं बोलणं ऐकायचं आहे त्यालाच यूएसबीचं अडॅप्टर लावून भागवावं, असा मोह होतो. तो टाळा. यूएसबी उभी राहीपर्यंत बूटचा पहिला भाग निघून गेलेला असतो, ग्रबला ते अडॅप्टर सहसा दिसत नाही, आणि कर्नल कोलमडताना यूएसबी चालेलच याचा भरवसा नाही. ऐकणाऱ्या बाजूला, म्हणजे जुन्या लॅपटॉपला, अडॅप्टर खुशाल लावा. एफटीडीआय, सीएच३४० आणि प्रोलिफिक या चिपांची अडॅप्टरं सर्रास मिळतात. थोडे पैसे जास्त पडले तरी मी एफटीडीआयचंच घ्यायला सांगेन. प्रोलिफिकच्या नकली चिपा बाजारात खूप आहेत आणि विंडोजवर कंपनीचा नवा ड्रायव्हर त्या चालू देत नाही.

सर्वात जास्त वेळ खाते ती केबल. नऊ पिनांच्या पोर्टात पिन ३ वरून मशीन बोलतं, पिन २ वर ऐकतं, आणि पिन ५ ही दोघांची सामाईक जमीन. दोन्ही बाजूंना कॉम्प्युटर असल्यामुळे एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात जायला हवं. म्हणून इकडची ३ तिकडच्या २ ला, इकडची २ तिकडच्या ३ ला आणि ५ ला ५. अशा उलटसुलट केबलला नल मोडेम म्हणतात. पोर्ट आणि अडॅप्टर दोघांनाही पिना असतात, त्यामुळे केबलच्या दोन्ही टोकांना भोकांचे कनेक्टर हवेत. दुकानात नुसतं ‘सिरियल केबल’ म्हणालात तर सरळ केबल हातात पडेल. ती कनेक्टरात बसते आणि एक अक्षरही पलीकडे पोचत नाही. राउटरबरोबर येणारी फिकट निळी चपटी केबलही या कामाची नाही.

वायर सरळ आहे की उलट, हे मल्टिमीटरने एका मिनिटात कळतं. आरएस-२३२ची बोलणारी तार गप्प असताना तिच्यावर ऋण व्होल्टेज असतं, साधारण उणे ५ ते उणे १२ व्होल्ट. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. आधी मशीनच्या पोर्टावरच काळी सळई पिन ५ ला आणि लाल पिन ३ ला लावा. तिथे उणे आकडा आला तर पोर्ट जिवंत आहे. मदरबोर्डवरून पट्टी काढली असेल आणि उणे आकडा भलत्याच पिनेवर मिळत असेल, तर ती पट्टी दुसऱ्या प्रकारची आहे, बदलून आणा. मग केबल लावा आणि तिच्या मोकळ्या टोकाला हेच करा. तिथे भोकं असतात आणि मीटरची सळई आत जात नाही, म्हणून भोकात एकेक टाचणी खुपसा. टाचण्या एकमेकींना टेकू देऊ नका. भोकांशेजारी प्लास्टिकवर बारीक आकडे कोरलेले असतात. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की वाचता येतात. उणे आकडा भोक २ वर आला तर केबल नल मोडेम आहे. ३ वर आला तर सरळ आहे.

ऐकणाऱ्या बाजूची परीक्षा आणखी सोपी. अडॅप्टर लॅपटॉपला लावा, त्याची पिन २ आणि ३ एका छोट्या वायरीने जोडा आणि टर्मिनल प्रोग्राम उघडून काहीतरी टाइप करा. टाइप केलेलं पडद्यावर दिसलं, वायर काढल्यावर दिसेनासं झालं, तर अडॅप्टर, ड्रायव्हर आणि प्रोग्राम तिन्ही ठीक आहेत. एवढं हातावेगळं केल्याशिवाय सेटिंगला हात लावू नका. नाहीतर दोष वायरीत असतो आणि माणूस रात्रभर फाइली बदलत बसतो.

लॅपटॉपवर लिनक्स असेल तर पिकोकॉम हा साधा प्रोग्राम मला सर्वात बरा वाटतो. विंडोजवर पुट्टी वापरा, त्यात ‘सिरियल’ निवडा आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसणारा कॉम क्रमांक भरा. फ्लो कंट्रोल मात्र बंद ठेवा. आपल्या केबलीत तीनच तारा आहेत. हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू राहिला तर प्रोग्राम न येणाऱ्या परवानगीची वाट पाहतो आणि तुमचं टाइप केलेलं बाहेरच पडत नाही. मिनिकॉम वापरणाऱ्यांना हा त्रास हमखास होतो. पिकोकॉममध्ये तो आपोआप बंदच असतो.

इथून पुढे आज्ञा येतील. लेखात त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. मशीनवर त्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या. सगळी अक्षरं छोटी, फक्त टीटीवायएस० मधला ‘एस’ मोठा, आणि शेवटी ओ हे अक्षर नाही तर शून्य. जिथे नाव सबंध मोठ्या अक्षरांत आहे तिथे तसं सांगतो.

लॅपटॉपवर:

पिकोकॉम -बी ११५२०० -जी सर्व्हर.लॉग /डेव्ह/टीटीवाययूएसबी०

इथे यूएसबी मोठ्या अक्षरांत. ‘-जी’मुळे आलेली प्रत्येक ओळ त्या फाइलीत साठत जाते, आणि आपल्याला हवं आहे ते हेच. बाहेर पडायला कंट्रोल-ए आणि मग कंट्रोल-एक्स. परवानगी नाही असं उत्तर आलं तर आपल्या युजरला ‘डायलआउट’ गटात घाला आणि पुन्हा लॉगिन करा. उबुंटू २२.०४वर सीएच३४०चं अडॅप्टर लावल्यावर टीटीवाययूएसबी० दिसून लगेच गायब होत असेल, तर ब्रेल डिस्प्लेसाठी असलेला बीआरएलटीटीवाय हा प्रोग्राम ते बळकावतो आहे. त्या लॅपटॉपवर कुणी ब्रेल डिस्प्ले वापरत नसेल तर तो प्रोग्राम काढून टाका.

वेग ११५२०० का, तर हिशेब करून पाहा. एका अक्षराला सुरुवातीचा आणि शेवटचा धरून १० बिट लागतात. ९६०० वेगाला सेकंदाला ९६० अक्षरं जातात. ८० अक्षरांच्या १००० ओळी पाठवायच्या तर ८३ सेकंद लागतील. ११५२०० ला सातच. कर्नल कॉन्सोलवर ओळ लिहिताना ती संपेपर्यंत बऱ्याचदा थांबून राहतो. डिस्क बिघडून तक्रारींचा धबधबा सुरू झाला की ९६०० वेगावर आख्खं मशीन रडतखडत चालतं. वायर दोन-तीन मीटरची असेल तर ११५२०० ला काहीच अडचण नाही.

आता मुख्य मशीन. फाइल बदलण्याआधी एकदाच्या बूटपुरती चाचणी घ्या. ग्रबच्या यादीत ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ शब्दाने सुरू होणारी लांबलचक ओळ शोधा, तिच्या शेवटी एक जागा सोडून लिहा:

कॉन्सोल=टीटीवाय० कॉन्सोल=टीटीवायएस०,११५२००एन८

त्याच ओळीत ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ हे शब्द असतील तर खोडा. त्यांच्यामुळे संदेश दडतात. मग कंट्रोल-एक्स. लॅपटॉपवर ओळी धावू लागल्या की अर्धं काम झालं. काही बिघडलंच तर पुन्हा चालू केल्यावर सगळं पूर्ववत होतं, कारण हा बदल कुठे साठवलेला नसतो.

दोनदा ‘कॉन्सोल’ लिहिण्यामागे कारण आहे. कर्नलचे संदेश दोन्हीकडे जातात, पडद्यावरही आणि वायरीवरही. पण जो शेवटी लिहिला तो मुख्य. कर्नलनंतर सुरू होणाऱ्या प्रोग्रामांचे संदेश, फाइलसिस्टीम तपासताना येणारे प्रश्न, इमर्जन्सी मोडची पासवर्डाची ओळ हे मुख्य कॉन्सोलवर येतं. मशीनला मॉनिटर-कीबोर्ड नसेल तर टीटीवायएस० शेवटी ठेवा. मशीनसमोर रोज माणूस बसत असेल आणि वायर फक्त नोंदीसाठी हवी असेल, तर क्रम उलटा करा. नाहीतर समोरचा माणूस काळ्या पडद्याकडे पाहत राहील आणि प्रश्न तिकडे वायरीवर येऊन थांबलेला असेल.

चाचणी जमली की कायमचं. डेबियन आणि उबुंटूवर /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब ही फाइल उघडा. आधी तिची एक प्रत काढून ठेवा. त्यात या तीन ओळी हव्यात; बरोबरच्या चिन्हाआधीची नावं सबंध मोठ्या अक्षरांत:

ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स="कॉन्सोल=टीटीवाय० कॉन्सोल=टीटीवायएस०,११५२००एन८"

ग्रब_टर्मिनल="कॉन्सोल सिरियल"

ग्रब_सिरियल_कमांड="सिरियल --युनिट=० --स्पीड=११५२०० --वर्ड=८ --पॅरिटी=नो --स्टॉप=१"

याच फाइलीत पहिल्या नावासारखंच, पण शेवटी ‘_डिफॉल्ट’ जोडलेलं आणखी एक नाव दिसेल. कॉन्सोलची सेटिंग त्यात घालू नका. ते नाव नेहमीच्या बूटलाच लागू होतं, रिकव्हरी मोडला नाही. आणि वायर तर रिकव्हरीतच सर्वात जास्त लागते. ‘क्वाएट स्प्लॅश’ मात्र तिथूनच काढायचं. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीमुळे ग्रबची यादीसुद्धा लॅपटॉपवर दिसते आणि तिथूनच जुना कर्नल निवडता येतो. अपडेटनंतर नवा कर्नल नीट चालत नसेल तर ही सोय लाखमोलाची. फाइल साठवून ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा. फेडोरासारख्या वितरणांवर कर्नलची ओळ बदलायला ‘ग्रबी’ ही आज्ञा आहे.

लॉगिनसाठी जुन्या काळी इनिटटॅब फाइलीत वेगळी ओळ घालावी लागे. आता सिस्टीमडी कर्नलची ओळ वाचून मुख्य कॉन्सोलवर लॉगिन स्वतःच उभं करतं. क्रम उलटा ठेवला असेल किंवा लॉगिन येत नसेल तर:

सुडो सिस्टीमसीटीएल एनेबल --नाऊ सिरियल-गेटी@टीटीवायएस०

‘कॅट /प्रॉक/कॉन्सोल्स’ केल्यावर चालू कॉन्सोलांची यादी येते. ज्याच्यासमोर मोठा ‘सी’ दिसतो तो मुख्य.

अडचणी ठरावीकच येतात. पडद्यावर चिनी-जपानीसारखा कचरा उमटला तर दोन्हीकडचा वेग जुळत नाही. काहीच आलं नाही तर केबल सरळ आहे किंवा पोर्ट बायोसमध्ये बंद आहे. संदेश येतात पण टाइप केलेलं जात नाही, तर फ्लो कंट्रोल पाहा, मग पिन २-३ची परतीची तार. लांब ओळी एकमेकींवर चढत असतील तर वायरीला खिडकीचा आकार कळत नाही म्हणून. ‘एसटीटीवाय रोज ४० कॉल्स १२०’ असं सांगून टाका.

ऐकणारा लॅपटॉप कोणता असावा? बॅटरी अर्धा तास तरी टिकणारा, एवढीच अट. दोन्ही मशीन एकाच क्षणी विजेविना बंद पडली तर शेवटच्या ओळी टिपायला कुणीच उरत नाही. लॅबमध्ये अडगळीत पडलेला, कीबोर्डाच्या चार कळा तुटलेला लॅपटॉप या कामाला पुरतो. झाकण लावल्यावर तो झोपणार नाही अशी सेटिंग तेवढी करा. ‘आय-ओ एरर’, त्यापुढे ‘एसडीए’ आणि सेक्टरचा आकडा अशा ओळी फाइलीत सापडल्या तर डिस्क किंवा तिची केबल संशयित. ‘आउट ऑफ मेमरी’ असेल तर मेमरी संपल्यामुळे कर्नलने बंद पाडलेल्या प्रोग्रामचं नाव तिथेच असतं. ‘अनेबल टू माउंट रूट’ असेल तर बूटच्या सेटिंगचा किंवा डिस्कचा घोळ. या ओळींचा फोटो अकोल्याच्या जाणकाराला पाठवला, तर तो योग्य सुटा भाग सोबत घेऊनच निघेल.

मशीन पूर्ण गोठलेलं दिसलं तरी वायरीवरून एक शेवटचा उपाय उरतो. पिकोकॉममध्ये कंट्रोल-ए आणि मग कंट्रोल-बॅकस्लॅश दाबलं की ब्रेक जातो. त्यानंतर पाच सेकंदांच्या आत एक अक्षर दाबायचं. ‘एस’ म्हणजे साठलेलं डिस्कवर लिही, ‘यू’ म्हणजे डिस्क फक्त वाचण्यापुरती कर, ‘बी’ म्हणजे पुन्हा सुरू हो. प्रत्येक अक्षराआधी नवा ब्रेक, आणि मध्ये दोन-चार सेकंद थांबा. उबुंटूवर ही तीन कामं आधीपासून मोकळी ठेवलेली आहेत. थेट स्विच बंद करण्यापेक्षा फाइली वाचायची शक्यता कितीतरी जास्त.

ज्याच्या हाती ही वायर, त्याच्या हाती मशीन, हेही ध्यानात असू द्या. ग्रबची ओळ वायरीवरून बदलता येते म्हणजे पासवर्डाशिवाय रूट होता येतं. लॅपटॉप आणि मशीन कुलपाच्या कपाटात ठेवा, ग्रबला पासवर्ड घाला, आणि सोयीसाठी आपोआप लॉगिन कधीही लावू नका. जिथे लोकांचे दाखले आणि आधारची कागदपत्रं हाताळली जातात तिथे तर अजिबात नाही.

विजांचंही बोललं पाहिजे. आपल्याकडे वळवाच्या आणि परतीच्या पावसात कडाडून विजा पडतात. सिरियल केबलीची पिन ५ दोन्ही मशीनच्या जमिनी एकत्र जोडते. दोघं वेगवेगळ्या खोल्यांतल्या वेगवेगळ्या अर्थिंगवर असतील तर व्होल्टेजचा झटका त्याच तारेतून धावतो आणि दोन्हीकडचे पोर्ट जातात. दोन्ही मशीन एकाच बोर्डावरून, नीट अर्थिंग असलेल्या सॉकेटमधून चालवा. अंतर जास्त असेल तर दोन्ही बाजू विजेच्या दृष्टीने अलग ठेवणारं आयसोलेटेड अडॅप्टर घ्या. केबल खांबावरून किंवा पत्र्यावरून नेऊच नका.

रास्पबेरी पाय वापरणाऱ्यांसाठी नियम वेगळा. त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. आरएस-२३२ची केबल थेट लावली तर बोर्ड जळेल. ३.३ व्होल्टचं यूएसबी-टीटीएल अडॅप्टर घ्या, जमीन पिन ६ ला, अडॅप्टरची ऐकणारी तार पिन ८ ला, बोलणारी पिन १० ला, आणि लाल तार मोकळी सोडा. ‘रास्पी-कॉन्फिग’मध्ये सिरियल चालू केलं की झालं. आणि ज्या विद्यार्थ्याकडे यातलं काहीच नाही त्याने व्हर्च्युअल मशीनवर सराव करावा. क्यूईएमयू ‘-नोग्राफिक’ लावून चालवलं की त्याचा सिरियल पोर्ट थेट आपल्या टर्मिनलमध्ये येतो. ग्रबच्या ओळी तिथेही याच.

सगळं लावून झालं की खरी परीक्षा मुद्दाम घ्या, आणि ती हंगामाच्या किंवा परीक्षांच्या आधी घ्या. सगळ्यांचं काम थांबवा, बॅकअप झाला आहे ना ते पाहा, कर्नलच्या ओळीत ‘पॅनिक=३०’ जोडून एकदा बूट करा. मग रूट होऊन ‘सिंक’, आणि त्यानंतर:

एको सी > /प्रॉक/सिसआरक्यू-ट्रिगर

कर्नल तिथल्या तिथे कोसळेल. लॅपटॉपवर ‘कर्नल पॅनिक’ची ओळ आणि तिच्या आसपास फंक्शनांच्या नावांची उतरंड यायला हवी. तीस सेकंदांनी मशीन स्वतःहून उठेल, ग्रबची यादी वायरीवर दिसेल आणि शेवटी लॉगिनची ओळ येईल. त्यानंतर सर्व्हर.लॉग उघडा आणि कोसळण्याआधीच्या ओळी तिच्यात उतरल्या आहेत का ते वाचून पाहा. नसतील तर लॉग लिहिणारा प्रोग्राम बंद पडला आहे किंवा लॅपटॉप झोपला आहे. तेवढं दुरुस्त करून ही परीक्षा पुन्हा घ्या.